दिवा बंद, आकडा चौतीस

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी, सेनगाव तालुक्यातल्या एका निवासी शाळेच्या गच्चीवर, वीतभर लांबीच्या एका आरशाने त्याच्यावर टाकलेल्या प्रकाशापेक्षा जास्त प्रकाश परत दिला. मग त्याच्यावर प्रकाश टाकणं बंद केलं. तरीही तो देत राहिला. यंत्राच्या पडद्यावर आकडा होता चौतीस. तिथे शून्य असायला हवं होतं.

हे पाहणारे आम्ही चौघं होतो. त्यातल्या एका बाईची नोकरी या आकड्यामुळे गेली.

या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आलो ते चुका शोधण्यासाठी. हिंगोलीत एका दैनिकाच्या कचेरीत बरीच वर्षं बातम्या तपासल्या; आता त्याच दैनिकाला तालुक्यातून बातम्या पाठवतो. कुठे कडुनिंबातून दूध गळतं, कुठे मूर्तीला घाम फुटतो, कुठे विहिरीतून घुंगरांचा आवाज येतो... असल्या बातम्या माझ्या टेबलावर यायच्या आणि तिथेच संपायच्या. पहिला प्रश्न ठरलेला – कोणी पाहिलं? दुसरा – मोजलं का? इथे मी स्वतः पाहिलं आहे आणि यंत्राने मोजलं आहे. म्हणून लिहितो आहे. शाळेचं आणि संस्थेचं नाव देत नाही. बाईंचं नाव झाकणार होतो, पण त्याच म्हणाल्या, "मी काय चोरी केली? नाव काहून लपवता? लिवा, लिंबीबाई राठोड."

लिंबीबाई शाळेत स्वयंपाकी होत्या. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई, धेनाबाई, त्याच स्वयंपाकघरात होत्या. त्या उभं आयुष्य लाकडाच्या चुलीसमोर राहिल्या आणि शेवटी खोकून खोकून गेल्या. त्या गेल्यावर वर्षभरात शाळेच्या गच्चीवर दोन मोठ्या तबकड्या बसल्या. लोखंडी सांगाडा, त्यावर ओळीने लावलेले आरशाचे लांबट तुकडे. ऊन एका ठिकाणी गोळा होतं, पाण्याची वाफ होते, ती नळीने खाली येते आणि भात-वरण शिजतं. उद्घाटनाला मी फोटो काढायला गेलो होतो. चुली बंद झाल्या, भिंतींना चुना लागला.

दोन उन्हाळे झाले नाहीत तोच वाफ कमी पडायला लागली. भात कच्चा राहायला लागला. लेकरांची पोटं दुखली, पालक शाळेवर आले, चुली पुन्हा पेटल्या. तबकड्या बसवणाऱ्या कंपनीचा माणूस एकदा आला, जिन्यात उभा राहून वर बघितल्यासारखं केलं, आणि कारण सांगून गेला – आरसे राखेने घासल्यामुळे खराब झाले. स्वयंपाकी बाईने भांड्यासारखे घासले. संस्थेच्या सचिवांनी हे कारण लगेच उचललं. लिंबीबाईंना कामावरून काढायचं ठरलं. त्याआधी शुक्रवारी सुनावणी म्हणून त्यांना बोलावलं.

आमच्या तालुक्यातल्या गोरेगावच्या जीप स्टँडवर त्यांनी मला ओळखलं.

"पेपरवाले भाऊ ना तुमी? उद्घाटनाचा फोटू काढला होता. आता आमची फजिती बी छापा."

जीप भरेपर्यंत वेळ होता. मी विचारलं, राख लावली होती का?

"आरशाला राख?" त्या जवळजवळ ओरडल्या. शेजारचा ड्रायव्हर वळून बघायला लागला. "आमच्या घरात आरशाला राख लागली तर मयत झाली म्हणतेत. सासू सांगायची – राख मेलेल्याची, आरसा जित्याचा. मी काहून लावीन राख? जुन्या ओढणीनं पुसत होते. आधी पाणी, मंग कोरडं. रोज. लेकरावाणी पुसले."

लिंबीबाईंच्या बंजारा तांड्यावरच्या बायकांच्या जुन्या कपड्यांवर आरशाचे तुकडे शिवलेले असतात. ते कसे जपायचे, हे या बायकांना कंपनीच्या माणसाने शिकवायची गरज नव्हती. पण हा पुरावा होत नाही. हिंगोलीच्या कचेरीत फोन केला तर तिथूनही हेच ऐकायला मिळालं – बाई म्हणते म्हणून बातमी होत नाही, काहीतरी ठोस आण.

ठोस म्हणजे माझा मेहुणा विवेक. नांदेडला एका खासगी प्रयोगशाळेत आहे. सोलर प्रकल्पांचे आरसे किती प्रकाश परत फेकतात, हे मोजणं हेच त्याचं काम. त्यासाठी हातात धरायचं एक यंत्र असतं, विटेएवढं. त्याच्या तोंडाला रबराची कड असते. ती आरशावर दाबून धरली की बाहेरचं ऊन आत येत नाही. आतला छोटा दिवा आरशावर प्रकाश टाकतो, आणि किती टक्के परत आला, ते पडद्यावर दिसतं. चांगला नवा आरसा नव्वदच्या वर असतो. शंभरच्या वर कुठलाच आरसा जात नाही. जाऊच शकत नाही. दिलं त्यापेक्षा जास्त कोण परत देतं?

मंगळवारी विवेक बसने आला. शाळेच्या अधीक्षकांनी गच्चीवर जायला हरकत घेतली नाही, पण पाठोपाठ स्वतःही आले. मदतीला लिंबीबाई. तबकडी उन्हाकडून फिरवून घेतली, नाहीतर डोळे गेले असते.

विवेकने आधी यंत्र स्वतःजवळच्या चकतीवर तपासलं. या चकतीचं माप ठरलेलं असतं. तिच्यावर आकडा बरोबर आला की यंत्र बरोबर. आला. मग तो एकेक तुकडा मोजत गेला. त्रेपन्न. एकोणपन्नास. कडेच्या तुकड्यांवर चाळीसच्याही खाली.

"मावशी, हे आरसे मेले," तो म्हणाला.

"ते मला बी दिसून राहिलंय. कोणं मारले ते सांगा."

विवेकने एक तुकडा क्लिपांतून काढला आणि उलटा केला. पाठीवर काळे डाग होते, कडेपासून आत पसरत गेलेले, भिंतीला ओल चढते तसे. आरशाचा चमकता थर काचेच्या पाठीमागे असतो. त्याची कड नीट बंद केली नाही तर पावसाचं पाणी आत शिरतं आणि थर सडतो. समोरच्या काचेवर एक ओरखडा नव्हता. राखेने घासलं असतं तर ओरखडे समोर दिसले असते, डाग मागे पडले नसते. हे समजायला यंत्रसुद्धा लागत नाही. तुकडा उलटा करायला दोन बोटं लागतात. कंपनीच्या माणसाने ती दोन बोटं वापरली नव्हती, सचिवांनीही नाही.

अधीक्षकांनी डाग पाहिले. म्हणाले, "हं." एवढंच.

मला वाटलं, काम झालं.

मग खालच्या ओळीतला एक तुकडा आला. तो बाकीच्यांपेक्षा जाड होता आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात पुसट लाल वेलबुट्टी होती. विवेक हसला.

"मावशी, हा कुठला? हा कंपनीचा नाही."

लिंबीबाई जरा लाजल्या. "वानरांनी उडी मारली, एक फुटला. कंपनीवाल्याला सांगून सांगून तोंड दुखलं. तबकडीत भोक दिसायचं, दात पडल्यावाणी. मंग सासूचा आरसा होता घरी, तो गोरेगावात फ्रेमवाल्याकडून कापून आणला." थोडं थांबून म्हणाल्या, "म्हातारीनं सारा जनम धुरात काढला. म्हणलं तिच्या आरशानं तरी उनात काम करावं. पोरी हसत्यात मला – म्हातारीला मेल्यावर बी कामाला लावली म्हणून."

"घरचा जुना आरसा. सत्तर असेल फार तर," विवेक म्हणाला आणि यंत्र टेकवलं.

एकशे सात.

त्याने यंत्र उचललं, रबर पुसलं, पुन्हा टेकवलं. एकशे अठरा. पुन्हा चकती काढली. चकतीवर आकडा जिथल्या तिथे. शेजारचा कंपनीचा तुकडा – एकोणपन्नास, मघाशी होता तोच. मग परत वेलबुट्टीचा. एकशे अठरा.

"कुठून तरी ऊन घुसतंय," तो म्हणाला. आम्ही खालून एक काळी घोंगडी आणवली. विवेक यंत्रासकट घोंगडीखाली गेला. अधीक्षकांना हसू आलं. "काय साहेब, जुन्या काळातला फोटो काढून राहिले का? आम्ही हसायचं का चूप बसायचं?"

घोंगडीखालून आवाज आला, "दाजी, आत या."

मी आत गेलो. अंधार होता. फक्त पडद्याचा हिरवा उजेड. विवेकने मला बटण दाखवलं. त्याने आतला दिवा बंद केला होता. म्हणजे आरशावर आता काहीही पडत नव्हतं. आकडा शून्य हवा.

चौतीस.

त्याने यंत्र शेजारच्या तुकड्यावर सरकवलं. शून्य. परत आणलं. चौतीस. मी स्वतः यंत्र हातात धरून पाहिलं, शेजारी शून्य, इथे चौतीस. रबर उचलून उघड्या डोळ्यांनी आरशात पाहिलं. काही नाही. काळं. काच हाताला गार लागत होती... मार्चच्या दुपारी, गच्चीवर.

घोंगडी बाजूला केली तेव्हा अधीक्षकांनी वाकून पडदा पाहिला आणि खिशातून मोबाईल काढून त्याचा फोटो घेतला. लिंबीबाईंना आकड्यातलं कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

विवेक म्हणाला, "मावशी, दिवा बंद आहे. तरी तुमच्या सासूबाईंचा आरसा उजेड देऊन राहिला."

लिंबीबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि आरशासमोरून थोड्या बाजूला झाल्या. सासरा किंवा सासू समोर आली की सुना होतात तशा. मला वाटतं, त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

जीपमध्ये विवेक म्हणाला, "दाजी, तो तुकडा रिपोर्टमध्ये घ्यायचाच नाही. कंपनीचा नाहीच तो. आपल्याला कंपनीचे मोजायचे होते." म्हणणं रास्त होतं. रिपोर्ट तसाच झाला. कंपनीच्या सगळ्या तुकड्यांची मापं, पाठीमागच्या डागांचे फोटो, निष्कर्ष दोन ओळींचा.

शुक्रवारी सचिवांच्या खोलीत मला बसू दिलं ते बोलायचं नाही या अटीवर. कंपनीचा माणूस इस्त्रीच्या शर्टात आला होता. विवेकचा रिपोर्ट त्याने उघडलासुद्धा नाही. मोबाईल पुढे केला. अधीक्षकांनी काढलेला फोटो त्याच्याकडे होता. अधीक्षक खिडकीबाहेर पाहत होते.

"सर, याच मशीनचं हे रीडिंग आहे. दिवा बंद, आकडा चौतीस. त्याआधी एकशे अठरा आलाय, अधीक्षक साहेबांनी पाहिलाय. आता मला सांगा, ज्या मशीनला अंधारात उजेड दिसतो, तिचे बाकीचे आकडे आपण कसे मानायचे?"

सचिव म्हणाले, "बराबर आहे."

विवेक म्हणाला, "तो तुकडा बाजूला ठेवा. मशीनही बाजूला ठेवा. वर चला, एक आरसा उलटा करून दाखवतो. डोळ्यांनी दिसतं."

"उन्हात कोण जातंय आता?" सचिव म्हणाले.

जिना त्या खोलीच्या दाराला लागून आहे. खुर्चीवरून उठून वर जायला जेवढा वेळ लागला असता, त्याहून जास्त वेळ चहा यायला लागला. कोणी उठलं नाही. चहा आला, तो सगळ्यांनी घेतला. लिंबीबाईंना विचारलं नाही.

त्या दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, एक इचारू? मी राख लावली म्हणता. तवा चुली बंद होत्या. तुमीच बंद केल्या, हार-तुरे घालून. मंग राख आणली कुठून मी?"

कंपनीचा माणूस म्हणाला, "घरून आणली असेल."

"घरून!" लिंबीबाई म्हणाल्या. "तुमच्या आरशाला लावायला मी डोक्यावर राखेचं टोपलं घेऊन तांड्यावरून येत होते? मला काय येड लागलं, का तुमाला?"

"आवाज खाली ठेवा बाई," सचिव म्हणाले. कंपनीच्या माणसाला त्या दिवशी कोणी काही सांगितलं नाही. बाईंना त्याच संध्याकाळपासून कामावर येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

त्या बाहेर पडल्या त्या थेट जिन्याकडे गेल्या. मी मागे गेलो. त्यांनी वेलबुट्टीच्या तुकड्याच्या क्लिपा हातानेच सोडवल्या आणि तो ओढणीत गुंडाळला. अधीक्षक धापा टाकत वर आले. आता ऊन आड आलं नाही.

"अहो लिंबीबाई, तबकडीवरची वस्तू शाळेच्या मालकीची असते. असं नेता येत नाही."

"सर, माझ्या सासूला तुमी शाळेच्या मालकीची करू नका," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या बाजूने खाली उतरल्या.

मी बातमी दिली. कच्चा भात, सडलेला थर, कोणी न चढलेला जिना – सगळं दिलं. कचेरीतून फोन आला की कंपनीने आधीच कळवलं आहे, यंत्र सदोष होतं. तपासून घेतल्याशिवाय छापता येत नाही. नियम बरोबर होता. तो नियम मीच अनेकांना लावला आहे. पण हाच नियम कंपनीच्या माणसाच्या तोंडच्या राखेला कोणी लावला नाही. ती न मोजता, न पाहता खरी ठरली होती.

विवेकने यंत्र ते बनवणाऱ्या कारखान्याकडे तपासणीला पाठवलं. दिवा, प्रकाश टिपणारा आतला डोळा, बॅटरी, रबर, सगळं तपासून परत आलं. दोष नाही. तसं प्रमाणपत्र सोबत. त्याची प्रत सचिवांना दिली. प्रकरण बंद झालं आहे, असं उत्तर मिळालं. कचेरीतही एक प्रत दिली. तोवर बातमी जुनी झाली होती.

मग आम्ही दोघं तांड्यावर गेलो. मला आरसा पुन्हा मोजून हवा होता. रागाने म्हणा हवं तर. एकशे अठराचा आकडा पुन्हा आला असता तर तो घेऊन मी कुठेही गेलो असतो.

लिंबीबाईंनी आरसा भिंतीला खिळ्यावर लावला होता, दोन तारा घालून. घरातली मंडळी त्यात भांग पाडत होती. विवेकने आधी चकती तपासली, मग यंत्र आरशावर टेकवलं. बाहत्तर. दिवा बंद केला. शून्य. पुन्हा. शून्य. दार लावून, घोंगडी घेऊन, अंगणात नेऊन, उन्हात तापवून पाहिलं. दिवा चालू, बाहत्तर. बंद, शून्य. कुठल्याही घरातल्या जुन्या आरशासारखा आरसा.

विवेक डोकं धरून बसला. लिंबीबाई चहा गाळत होत्या.

"मावशी, तुम्हाला काय वाटतं? तिथं तसं का आलं?"

"तिथं तिला काम होतं," त्या म्हणाल्या. "लेकरं उपाशी होती. इथं काय काम हाय? इथं मीच बिनकामाची."

कप पुढे सरकवून म्हणाल्या, "प्या. चहा गार करून राहिले तुमी."

हे त्यांचं म्हणणं आहे; माझं स्पष्टीकरण नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. विवेकने त्याच्या क्षेत्रातल्या दोघांना विचारलं. एक म्हणाला, ऊन शिरलं असणार. घोंगडी, शेजारचा शून्य, तपासून आलेलं यंत्र, हे सांगितल्यावर तो म्हणाला, तरी शिरलंच असणार. दुसऱ्याने फोन ठेवला.

लिंबीबाई आता वसमतला हळदीच्या कामाला जातात. जून महिन्यात शाळा सुरू झाली. स्वयंपाक लाकडावर होतो. तबकड्यांचे सगळे आरसे कंपनीने बदलायला म्हणून उतरवून नेले. नवे आरसे बसवायचं काम त्याच कंपनीला दिलं आहे. लिंबीबाईंच्या जागी घेतलेल्या बाईकडून, आरशांना राख लावणार नाही, असं पहिल्याच दिवशी लिहून घेण्यात आलं. आरसे अजून आलेले नाहीत.